हळदीकुंकवात घेतलेले नाव

नीलकंठरावांची फौजदारीची परीक्षा दुसऱ्यांदा आली तेव्हा वही विनोदिनीच्या हातात आली.

पहिल्या खेपेला ते माळ्यावर दार लावून एकटेच घोकत बसले होते, आणि नापास झाले होते. म्हणून या खेपेला उमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईनेच, हुकूम सोडला. "माळ्यावर तू झोपा काढतोस. इथं चुलीपुढं पाट मांडून बस. सूनबाईला वाचता येतं ना? ती विचारील, तू सांग. कुठं अडतोस ते मी ऐकते."

त्या वेळी, एकोणीसशे आठ-नऊ साली, धारला वाचता येणाऱ्या सुना बोटांवर मोजाव्यात इतक्याच. विनोदिनी देवासची. तिचे वडील मास्तर, त्यांनी तिला हौसेने अक्षरओळख करून दिली होती. माहेरी ती वेणू. विनोदिनी हे नाव लग्नात तांदळात लिहून मिळालेले. लग्नाला तीन वर्षे झाली होती. पण दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची सोय त्या काळी कुठे होती? सासूदेखत पाणी हवे का एवढे विचारायचे तरी भिंतीकडे पाहून विचारायचे. ती सोय या परीक्षेने करून दिली. रोज सकाळी तासभर, सासूबाईंच्या देखत, ती त्यांच्याकडे पाहून प्रश्न विचारी आणि ते तिच्याकडे पाहून उत्तर देत. त्या सकाळी तिला पुढे जन्मभर आठवत राहिल्या. पोळीचा वास, उन्हाची तिरीप, आणि समोर चुकतमाकत उत्तरे देणारे ते.

वही कुणा साहेबाच्या इंग्रजी पुस्तकावरून मराठीत उतरवलेली होती. तिचे तीन भाग. गुन्हे किती प्रकारचे, हा पहिला. चौकशी कशी करावी, हा दुसरा. आणि माणूस गुन्हा का करतो, हा तिसरा.

"गुन्ह्याची कारणे किती?" विनोदिनी पोळी लाटता लाटता वहीवर नजर टाकून विचारी.

"तीन."

"कोणती?"

"रक्त, संगत, आणि... आणि..."

"गरज!" उमाबाई भाजी ढवळता ढवळता ओरडत. "मेलं मला पाठ झालं, तुला होत नाही. मलाच बसव रे परीक्षेला. पगडी तेवढी दे तुझी."

"आई, तू गप्प बैस गं."

"बरं, त्यातलं मुख्य कोणतं?" विनोदिनी हसू दाबून विचारी.

"रक्त. काही जातींत गुन्हा जन्मतःच असतो. बाप तसा बेटा."

उत्तर बरोबर असे. ती वहीच्या कडेला काडीने खूण करी. ते बरोबर आहे की नाही हे वहीपलीकडे जाऊन पाहावे, असे तिच्या मनात कधी आले नाही. ते पास व्हावेत, एवढेच तिला हवे होते.

तिला सगळ्यांत आवडे तो दुसरा भाग, चौकशीच्या रीतीचा. त्यात लिहिले होते की ज्याची माहिती काढायची त्याच्यापुढे कागद काढू नये. आधी त्याच्या घरच्या, मुलाबाळांच्या गोष्टी कराव्यात. आपले काही सांगावे, म्हणजे तोही सांगतो. मुख्य प्रश्न मध्येच, सहज, दुसऱ्या बोलण्यात मिसळून विचारावा. विनोदिनी वाचून मनाशी म्हणे, यात काय मोठेसे? पाणवठ्यावर बायका हेच तर करतात.

पण नीलकंठरावांचे घोडे अडे ते नेमके इथे. परीक्षेच्या तीन पेपरांखेरीज प्रत्येक उमेदवाराने एका भटक्या जमातीचा चौकशीचा कागद करून द्यायचा असे. पाले किती, माणसे किती, कुठून कुठे फिरतात, आणि कर्त्या पुरुषांची खरी नावे. गेल्या वर्षी ते पगडी घालून, पेन्सिल कानाला लावून मांडवगडाकडे, नालछ्याच्या वाटेवरच्या पालांवर गेले होते. तिथे पालवाले उतरत. त्यांच्या बायका गावात जात्यांना टाकी लावत फिरत आणि पुरुष दोर वळून विकत. पगडी दिसताच सगळा तळ मुका झाला.

"ज्याला विचारावं तो म्हणे, मालूम नी, भिया. लहान पोर म्हणे, मालूम नी, भिया. शेवटी एक कुत्रं तेवढं बोललं माझ्याशी," ते सांगत, आणि उमाबाई डोळ्यांत पाणी येईतो हसत. हसत सगळेच, पण कागद कोरा गेला म्हणून तर ते नापास झाले होते.

पौषात नर्मदी आली.

ती त्याच पालांतली. पाले धारच्या आसपास असली की येई, मागल्या अंगणात जाते उलटे करून बसे, आणि टाकीवर हातोडी मारून त्याला दात पाडी. टक टक टक टक असा सकाळभर आवाज चाले. विनोदिनीच्याच वयाची, गोंदलेल्या हनुवटीची, भारी बोलकी. विनोदिनीला ती 'बई' म्हणे. विनोदिनी लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी ती न्हाणीमागे रडत असताना नर्मदीनेच तिला पाहिले होते. "म्हारे बी माँ की याद आवे, बई," एवढेच म्हणून तिने खाली मान घालून टाकी चालू केली होती, आणि कुणाला काही सांगितले नव्हते.

त्या दिवशी विनोदिनी तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसली. हातात कागद नव्हता. तिने आधी माहेरच्या गोष्टी काढल्या. मग पालातल्या म्हाताऱ्या सासूची चौकशी केली, मग सासरी कोण कोण, दीर किती, जावा किती. नर्मदी दगडावरची भुकटी फुंकत सगळे सांगत गेली. पाले चौदा. पावसाळा संपला की नालछा, मग धार, मग बदनावर, उन्हाळ्यात देवास. टाकीचा आवाज थांबला की विनोदिनी आत जाऊन चटकन लिहून येई. दोन सकाळींत कागद भरत आला.

"आणि तुझ्या घरधन्याचं नाव काय गं?"

"हाय बई! धणी को नाम कोई लेवे?" नर्मदीने ओढणीत तोंड लपवले. मग हळूच म्हणाली, "बाहरवाला उके नानू केवे. वो खाली बाहर को नाम है. घर को नाम दूसरो. वो माँ ले, भगवान ले. बाकी कोई नी."

विनोदिनीने तेही नवऱ्याला सांगितले. नीलकंठराव कागद पाहून हरखूनच गेले. "अगं, हे तू काढलंस? मला दोन महिने लागले असते!" मग ओठ चावून म्हणाले, "पण नानू काय कामाचं? प्रत्येक पालात एक नानू आहे. तिचा नवरा त्यांचा पुढारी. त्याचं खरं नाव मिळालं तर कागद पुरा. नाहीतर साहेब म्हणायचा, पुन्हा कच्चंच काम."

"मी आणते," विनोदिनी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्यासाठी तिने काहीही आणले असते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने नर्मदीला मुद्दाम बोलावले. उमाबाई कुरकुरल्या, "ओसरीखाली बसव हो, वर नको. आणि कुंकू वरून लाव." तशी ती ओसरीच्या खालच्या पायरीशी बसली, नवी ओढणी घेऊन, न्हाऊन आलेली. अशा घरातले हळदीकुंकू तिला जन्मात पहिलेच. वर बायका बसल्या होत्या. त्यांत शेजारच्या भवानीबाई, गल्लीच्या टोकापर्यंत हसणे ऐकू जाईल अशा.

आपल्याकडे हळदीकुंकू म्हटले की नावे घेणे आलेच. एरवी जे नाव ओठांवर आणायचे नाही, ते त्या दिवशी उखाण्यात गुंफून मोठ्याने घ्यायचे. त्यात पाप नाही, उलट नवऱ्याचे आयुष्य वाढते असे मानतात. एकेकीने नावे घेतली. मग विनोदिनी म्हणाली, "आता मी घेते, आणि माझ्यामागून नर्मदी." आणि खाली तिच्याकडे पाहत तिने म्हटले:

"संक्रांतीच्या सुगडात बोरं, हरभरे, ऊस,
नीलकंठरावांचं नाव घेतलं, आता तू नको रुसूस."

"घे गं, घे!" भवानीबाई ओरडल्या. "आम्ही घेतली ती काय मेली फुकट? तुझ्या धन्याचं आयुष्य वाढायला नको का?"

नर्मदी मानेने नाही नाही म्हणाली. मग वर पाहिले. सगळ्या बायका तिच्याकडे पाहून हसत होत्या, आपल्यातल्या एकीकडे पाहून हसावे तशा. विनोदिनीने हात पुढे करून तिच्या कपाळी कुंकू लावले. नर्मदीने ओढणी नाकापर्यंत ओढली आणि एका दमात म्हणाली:

"मांडव की इमली, ऊँची उकी डाळी,
उंकार को नाम लूँ, सुणो सगळी."

"अगं बाई, ही तर आपल्याहून बरी घेते!" भवानीबाई म्हणाल्या, आणि केवढा हशा झाला. नर्मदीही ओढणीआड हसत होती.

विनोदिनी वाण वाटत होती आणि मनाशी उंकार, उंकार असे घोकत होती, विसरू नये म्हणून. बायका उठल्या तशी ती स्वयंपाकघरात गेली आणि कागदावरच्या रिकाम्या जागेत तिने स्वतःच्या हाताने नाव लिहिले. अक्षर तिचे वळणदार होते. नीलकंठरावांनी तो कागद पुन्हा उतरवून काढायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत, तसाच जोडला.

ते पास झाले. चौकशीच्या कागदाबद्दल साहेबाने खास शाबासकी दिली. कालिकेला नारळ फुटला, पेढे वाटले, आणि ते नायब फौजदार झाले. "तुझ्यामुळं," असे ते सर्वांसमक्ष म्हणाले, आणि उमाबाईंनी सुनेची दृष्ट काढली. त्या कागदाचे पुढे काय होते, हे विनोदिनीला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहिलेले होते: ज्यांची नावे कळतील ती हजेरीच्या पुस्तकात चढवावीत, त्यांनी सकाळ-संध्याकाळ चौकीवर हजर राहावे, परवानगीवाचून गाव सोडू नये. तिने ते पान नवऱ्याला दहा वेळा विचारले होते. पण विचारणे निराळे आणि कळणे निराळे.

पुढच्या वर्षी चैत्रगौरीला ती माहेरी देवासला गेली. तिची ताई तिथेच दिलेली. देवासचे ते एक निराळेच. रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची, ती धाकट्या पातीची, दोन घरांत दोन राजांचा अंमल. वडिलांच्या घरातून निघून रस्ता ओलांडला की ताईचे घर. ताईकडे हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ वाटून झाली होती, पन्हे गाळायचे होते, आणि मागल्या अंगणातून आवाज येत होता, टक टक टक टक.

विनोदिनी मागे गेली. नर्मदीच होती. पण हनुवटीवरचे गोंदण पूर्वी उठून दिसे ते आता सुकलेल्या तोंडावर पसरल्यासारखे वाटत होते. पूर्वी गावात फिरताना बरोबर एखादी जाऊ असे, ती या वेळी नव्हती. एकटी होती.

"बई! तुम याँ?" तिचा चेहरा उजळला. "म्हारे कोई मिल्यो नी बात करने को, साल भर से."

मग टाकी न थांबवता तिने सगळे सांगितले. संक्रांतीनंतर दोन महिन्यांनी शिपाई पालावर आले. त्यांच्या हातात कागद होता. त्यांनी नानू म्हणून नाही, घरच्या नावाने हाक मारली, आणि तो दचकून उभा राहिला. तेव्हापासून रोज दोनदा हजेरी. नालछा सोडायची मनाई. दोर विकायला कुठे जाता येत नाही. आणि सासूने, दिरांनी नर्मदीलाच धरले. घरचे नाव बाहेर गेले कसे? बायकोच्या तोंडूनच गेले असणार. पंचांनी तिला जावांच्या चुलीवरून उठवले. ती एकटीच टाकी लावत फिरते.

"पण म्हने तो एक ही बार लियो, बई. तुम्हारे याँ, लुगायाँ में. वाँ कोई आदमी थो नी, कोई सिपाई तो थो नी." तिने मान वर केली. नजरेत संशयाचा लवलेश नव्हता. "तुम बताओ, कुण बोल्यो होगो?"

विनोदिनीने पदर सावरला. "मला काय ठाऊक?" ती म्हणाली.

"वो मोटी बई, जोर से हँसे जो. उको धणी पुलिस में है कई?"

भवानीबाईंचे यजमान देवळात पुराण सांगत.

"असेल," विनोदिनी म्हणाली.

एवढा एकच शब्द. तो उच्चारून ती आत आली तेव्हा बायका जमल्या होत्या. ताईने कौतुकाने तिचा हात धरून तिला मध्ये बसवले. "ही आमची वेणू. हिचे यजमान नायब फौजदार झाले बरं का! वेणू, नाव घे. छान लांबलचक घे."

"घ्या हो, फौजदारीणबाई! लाजता काय?"

तिने तोंड उघडले. तिला दहा उखाणे येत होते. मागून टाकीचा आवाज येत होता, एकसारखा, कुणावर राग नसलेला. नीलकंठरावांचे नाव तिच्या जिभेवर आले, आणि त्याच्या मागोमाग दुसरे आले. तिला वाटले, एक घेतले की दुसरेही बाहेर पडेल, सगळ्यांसमोर, मोठ्याने. रक्त, संगत, गरज, तिच्या मनात आपोआप उमटले. रक्त मास्तरांचे. संगत चांगल्या घराची. गरज कसलीच नव्हती. मग ती कशात बसत होती?

"बरं वाटत नाही," ती म्हणाली आणि उठली. वाटेत देवापुढची हळदीकुंकवाची कोयरी तिने उचलली, का ते तिचे तिलाच कळले नाही.

अंगणात येऊन ती नर्मदीपुढे जमिनीवर बसली. पायरीवर नाही.

"ती नव्हे," ती म्हणाली. "भवानीबाई नव्हेत. मी खोटं बोलले. मी सांगितलं नाव."

नर्मदीची हातोडी थांबली. "सिपाई के?"

"यांना. यांची परीक्षा होती. मी कागदावर लिहिलं. माझ्या हातानं." आणि मग, आणखी काही उरू नये म्हणून, "त्यासाठीच तुला बोलावलं होतं हळदीकुंकवाला."

नर्मदीने तिच्याकडे पाहिले. तिच्या तोंडावर राग आला असता तर विनोदिनीला सोपे गेले असते. पण ती मागचे काहीतरी आठवत असल्यासारखी दिसत होती, एकेक गोष्ट. पायरीवरचे बोलणे, सासूची चौकशी, कपाळाचे कुंकू. मग तिने खाली वाकून दगडावरची भुकटी फुंकली. अर्धे जाते राहिले होते. ती पुन्हा टाकी मारू लागली, आणि राहिलेले अर्धे तिने तितकेच नेटके, ओळीत ओळ धरून पुरे केले. विनोदिनी समोर बसून राहिली. आतून दोनदा ताईने हाक मारली.

काम झाले. नर्मदीने टाकी-हातोडी फडक्यात बांधली. विनोदिनीने कोयरी पुढे केली. कोणतीही सवाशीण कुंकवाला नको म्हणत नाही. नर्मदीने एका हाताने ओढणी कपाळावरून खाली ओढून घेतली, भुवयांपर्यंत, आणि उभी राहिली.

"अब घर में बी उको नाम कोई नी ले, बई," ती म्हणाली. "माँ बी नी ले. दिन में दो बार सिपाई ले, वो ही भोत है."

ती मागच्या दाराने गेली. पुन्हा ती ना देवासला दिसली, ना धारला.

विनोदिनी धारला परतली त्याच रात्री तिने नवऱ्याला विचारायचे ठरवले होते; विचारले ते मात्र सकाळी. नीलकंठरावांची आता वरच्या जागेची परीक्षा होती. चुलीपुढे पाट मांडलेला, उमाबाई भाजी चिरत बसलेल्या, आणि तीच वही, नवी पाने शिवलेली.

"विचार," ते आनंदाने म्हणाले.

तिने वही उघडली नाही. "हजेरीच्या पुस्तकात चढलेलं नाव उतरवायचं कसं?"

ते गोंधळले. आठवू लागले. "नाव चढवायचं कलम मला येतं. उतरवायचं... हे कुठल्या पानावर आहे गं?"

"कुठल्याच नाही. मला सगळी पाठ आहे."

"मग परीक्षेत यायचं नाही ते. पुढचं विचार."

"मी देवासला त्या नर्मदीला भेटले," विनोदिनी म्हणाली, आणि त्यांच्याकडे पाहूनच तिने सगळे सांगितले, सासूबाईंच्या देखत. भवानीबाईंवर घातलेला आळसुद्धा सोडला नाही. उमाबाईंची विळी थांबली. नीलकंठराव वाईट नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. "अगं, पण तो एकटा थोडाच आहे? शंभर नावं आहेत त्यात," ते म्हणाले. "माणूस मेल्याशिवाय त्यातलं नाव निघत नाही. माझ्या हातात काय आहे?"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "लिहिलं तेव्हा माझ्या हातात होतं."

तिने वही त्यांच्या पाटाशी ठेवली आणि परात पुढे ओढली. त्या दिवसापासून ते पुन्हा माळ्यावर बसून अभ्यास करू लागले, आणि चुलीपुढच्या त्या सकाळी संपल्या. पुढे सुना आल्या, नातसुना आल्या, दर संक्रांतीला हळदीकुंकू झाले, आणि दर वेळी कुणीतरी म्हणे, आजी, एकदा तरी घ्या ना नाव. ती कोयरी घेऊन उठे आणि एकेकीला कुंकू लावत ओसरीच्या शेवटच्या पायरीपर्यंत जाई. तिथे कुणी बसलेले नसले तरी क्षणभर थांबे. नाव मात्र तिने पुन्हा कधी घेतले नाही.